गेटवरच्या बाटल्या

भैय्याजींच्या गोडाऊनमध्ये सरलाच्या नाकाचा जरा जास्तच बोलबाला होता. बाकीच्या बाया संत्रं हातात फिरवून बघायच्या, अंगठ्याने दाबायच्या, उजेडात धरायच्या. सरला नुसती ढिगाजवळ बसायची, मान थोडी खाली घालायची आणि म्हणायची, "इथं आतमंधी एक सडलं आहे." मग कोणीतरी उकरायचं आणि खरंच तळाशी हिरवट बुरशी धरलेलं एक फळ निघायचं. असं एक फळ पेटीत गेलं की दिल्लीला पोचेपर्यंत अर्धी पेटी नासते, म्हणून पांढुर्ण्याच्या धंद्यात असल्या नाकाला किंमत होती. बाहेरगावचा व्यापारी आला की भैय्याजी मुद्दाम सरलाला हाक मारायचे आणि नवी घेतलेली गाय दाखवावी तसं तिचं नाक दाखवायचे. ती लाजल्यासारखं करायची. खरं तर तिला ते फार आवडायचं.

तिच्याच ढिगावर समोर देवकाबाई बसायची. जाम नदीच्या पलीकडची, सावरगावची. वयाने थोडी मोठी, बोलायला फटकळ, दर शनिवारी जामसांवलीच्या मारुतीला जाणारी. दुपारी दोघी एकत्र जेवायच्या, आणि ही गोष्ट दिसते तेवढी साधी नव्हती. सरला पहिल्यांदा कामावर आली त्या दिवशी जेवणाच्या वेळी बायांनी आपापला गोल केला आणि त्या गोलात तिच्यापुरती जागा कशी कोणास ठाऊक उरली नाही. तिच्या घराच्या भिंतीवर कोणाच्या तसबिरी आहेत, हे न विचारताच सगळ्यांना माहीत होतं. तेव्हा देवकाबाई आपला डबा उचलून तिच्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "तुह्या डब्यात ठेचा दिसून राहिला व. टाक इकडे." त्याला पुष्कळ वर्षं झाली. त्या दिवसापासून दोघींचे डबे कधी वेगळे उघडले नाहीत.

कोरोनाची दुसरी लाट आली तेव्हा मृग बहाराची संत्री तोडणीला आली होती. बाजार बंद, रस्ते ओस, पण फळ काही झाडावर थांबत नाही, म्हणून गोडाऊनला परवानगी होती. भैय्याजींनी कपाळाला लावायची तापाची बंदूक आणली. पण एप्रिलच्या उन्हात पायी आलेल्या प्रत्येकीला ती बंदूक ताप दाखवायची, आणि ओला पदर डोक्यावर घेऊन आलेलीला एकदम थंडगार ठरवायची. दोन दिवस त्या बंदुकीने गेटवर नुसता तमाशा केला. शेवटी भैय्याजींनी आपल्या भाचीला, धनश्री मॅडमला फोन लावला. सौंसरला तिचा दवाखाना होता.

धनश्री मॅडम आली ती खोकल्याच्या औषधाच्या पाच रिकाम्या बाटल्या घेऊन. प्रत्येकीत कापसाचा बोळा, आणि मानेला रंगीत दोरा. लाल दोऱ्याच्या बाटलीत लवंग, काळ्याच्या कॉफी, पिवळ्याच्या हिंग, पांढऱ्याच्या मोगऱ्याचं अत्तर. हिरव्या दोऱ्याच्या बाटलीत काहीच नव्हतं. "अंदाजपंचे बोलणाऱ्या बायका या बाटलीत सापडतात," मॅडम म्हणाली. संत्र्याची साल तिने मुद्दाम घेतली नव्हती, कारण इथे हवेलाच तिचा वास होता. कापूरही नको म्हणाली. वास न येणाऱ्या नाकालाही तो झोंबतो आणि माणूस फसतो.

"ताप नसला तरी पुष्कळांचा आधी वासच जातो," तिने बायांना समजावलं. "ही काही पक्की तपासणी नाही. पण जिला वास येणार नाही, तिने गुपचूप घरी जायचं आणि सरकारी दवाखान्यात कोरोनाची तपासणी करून घ्यायची. त्यात लाजण्यासारखं काही नाही."

बाटल्या कोणाच्या हाती द्यायच्या, हा प्रश्नच नव्हता. सगळ्यांनी सरलाकडे पाहिलं. "रोज सकाळी आधी तुम्ही स्वतः हुंगायचं, मग दुसऱ्यांना द्यायचं," मॅडमने तिला बजावलं. सरलाने मान डोलावली. दुसऱ्या दिवसापासून ती गेटवर खुर्ची टाकून बसू लागली. एकेक बाई समोर येऊन मास्क खाली करायची, डोळे मिटायची, आणि सरला हात लांब करून बाटली तिच्या नाकाखाली धरायची. ज्या बायांच्या गोलात तिला कधी जागा झाली नव्हती, त्या बाया आता डोळे मिटून तिच्यासमोर उभ्या राहत होत्या. ती चांगली बाई होती, पण तिलाही या गोष्टीची गोडी लागली, हे नाकारण्यात अर्थ नाही.

तिचा नवरा मोतीराम नगरपालिकेत पाणी सोडायच्या कामाला होता. एका संध्याकाळी तो अंग दुखतं, कणकण आहे म्हणून लवकर निजला, गोळी घेतली, सकाळी उठून कामाला गेला. सरलाने ते मनावर घेतलं नाही. थोड्याच दिवसांनी तिने गेटवर नेहमीप्रमाणे लाल दोऱ्याची बाटली उघडून नाकाशी धरली. तिला वाटलं, कापूस वाळला असेल. काळी उघडली. पिवळी उघडली. हिंगाची बाटली एरवी हातभर लांब धरावी लागायची. तिने ती नाकाला टेकवली, तरी काही नाही. त्या सकाळी तिच्यासाठी पाचही बाटल्या हिरव्या दोऱ्याच्या होत्या.

समोर बाया उभ्या होत्या. पहिलीने मास्क खाली केला होता. सरलाला तेव्हा एवढंच म्हणायचं होतं की, बायांनो, आज मला येत नाही. एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य तोंडात येईपर्यंत तिला पुढचं सगळं दिसलं: भैय्याजींचा चेहरा, बायांचं दोन पावलं मागे सरकणं, दुसऱ्याच कोणाच्या तरी मांडीवर त्या बाटल्या. सरलाचं नाक गेलं, हे वाक्य गोडाऊनभर फिरेल. नाक गेलं तर मग सरला राहिली कोण? तिने बाटली पुढे केली आणि विचारलं, "सांग, कायचा वास आहे?"

उत्तरं तिला दोऱ्यांवरून माहीतच होती. सरदी झाली असेल, तिने मनाशी म्हटलं. सालीच्या तेलाने नाक चोंदलं असेल. उद्या उघडेल. उद्या उघडलं नाही. ती रोज सगळ्यांसमोर बाटली नाकाशी धरायची, मान डोलवायची आणि कामाला लागायची. मास्क मात्र नाकावर घट्ट ओढून घेऊ लागली. तेवढ्याने आपण कोणाचं वाईट करत नाही, अशी तिने स्वतःची समजूत घातली. ढिगावर बसली की अंदाजाने एखादं फळ उचलून बाजूला टाकायची. समोर देवकाबाई निर्धास्त होती. सरलाने ढीग हुंगला म्हणजे झालं, म्हणून ती भराभर पेट्या भरत होती.

दुपारी मास्क काढावाच लागायचा. त्यांचा डबा एक होता.

आणि त्यातच ती आलूवांग्याची भाजी आली. त्या दिवशी देवकाबाईला भैय्याजींनी काहीतरी कामाला बोलावलं म्हणून सरला एकटीच आधी जेवायला बसली. देवकाबाईचा डबा उघडून तिने आपल्या झाकणात भाजी घेतली, पोळीशी खाल्ली, आणखी घेतली. जिभेलाही तेव्हा चव नव्हती. माती खाल्ली काय आणि भाजी खाल्ली काय, पोट भरायचं एवढंच. तोवर देवकाबाई येऊन बसली, एक घास तोंडात घातला आणि थांबली. तिने तो घास बाजूला टाकला. मग सरलाच्या डब्याच्या झाकणाकडे पाहिलं. ते चाटूनपुसून साफ होतं.

"सगळी खाल्ली?" देवकाबाईने विचारलं.

"हाव. कावून?"

देवकाबाईने उरलेली भाजी गेटजवळच्या कुत्र्यासमोर टाकली. कुत्र्याने नाक लावलं आणि तो निघून गेला. तेव्हा सरलाच्या लक्षात आलं. रात्रीची भाजी, हे ऊन. भाजी आंबली होती. कुत्र्याला कळलं, तिला कळलं नव्हतं. आता देवकाबाई विचारणार होती. पण देवकाबाई परत येऊन शेजारी बसली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते.

"तू बी ना, सरले," ती म्हणाली. "मले वाईट वाटू नये म्हणून कायले असं गिळायचं? माह्या घरचं तं कोणी असं करत नाही."

सरलाने खाली पाहिलं. नाही म्हणायला हवं होतं, आणि ती गप्प राहिली. खोटं बोलण्यापेक्षाही हे वाईट होतं. देवकाबाईने आपण होऊन तिला चांगली ठरवलं आणि तिने ते चांगुलपण खुशाल अंगाला लावून घेतलं. त्यानंतर देवकाबाई सोबत आणलेली वडी स्वतःच्या हाताने मोडून तिच्या तोंडाजवळ धरू लागली. सरला तोंड उघडायची.

थोडेच दिवस गेले असतील. सकाळी गेटवर देवकाबाईची पाळी आली. सरलाने लाल दोऱ्याची बाटली धरली. देवकाबाईने डोळे मिटून हुंगलं.

"ही रिकामी आहे."

मागच्या बाया हसल्या. त्यांना वाटलं, देवकाबाई गंमत करते आहे. सरलाने पिवळी धरली.

"ही बी रिकामीच. कापूस बदलला नाही का व?"

आता कोणी हसलं नाही. ज्या बाईच्या नाकाखाली सरला हिंग धरून उभी होती, तिला काय झालं आहे आणि ते कुठून आलं आहे, हे तिथे फक्त एकीला माहीत होतं. तिने उगाच पांढरी बाटली धरली, मग पुन्हा लाल. देवकाबाईने डोळे उघडले आणि सरलाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिला तिथेच सगळं कळलं. म्हणजे तिला वाटलं की कळलं.

"दूर सरक, सरले," ती घाईने म्हणाली आणि स्वतःच मागे झाली. "अवं, दूर सरक. तुले लागून जाईन."

ते वाक्य पुढे कधीच सरलाच्या कानातून गेलं नाही.

देवकाबाईची तपासणी झाली आणि तिला कोरोना निघाला. त्रास होत होता अशा आणखी तिघी-चौघींना निघाला; सरलाने तपासून घेतलंच नाही. गोडाऊनला कुलूप लागलं, फवारणी झाली. त्याच सुमाराला दिल्लीहून फोन आला की पेट्यांमध्ये सडका माल निघतो आहे, आणि पेट्या कोणत्या ढिगाच्या, हे भैय्याजींनी बरोबर ओळखलं. बायांना दोन्ही गोष्टी जुळवायला वेळ लागला नाही. देवकाबाईचं नाक आधीच गेलं होतं, तिने लपवलं, रोगही तिनेच आणला आणि मालही तिनेच नासवला. सरला मात्र बिचारी रोज तिच्या शेजारी बसून वाचली, तिचं नशीब. हे सगळं सरलाला फोनवरून कळत होतं आणि ती नुसतं हं हं करत होती.

मग यशवंतराव आजारी पडले. ते देवकाबाईचे सासरे. सून कामाहून आली की तिच्या पदराला येणारा संत्र्याचा वास घेऊन आज कोणत्या बागेचा माल आला ते सांगणारे म्हातारबुवा. त्यांना नागपूरला नेलं. तिथून ते परत आले नाहीत. अंत्यविधीही तिकडेच झाला, आणि देवकाबाईचा नवरा मधुकर एकटाच राख घेऊन आला. देवकाबाई तोवर बरी झाली होती. पण तिच्या सासूने, लीलाबाईने, तिला घरात घेतलं नाही. मागच्या अंगणात गोठा होता. त्याच्या कडेला खाट टाकून दिली, ताट-पेला वेगळा दिला, आणि चुलीला हात लावायचा नाही असं सांगितलं. रोग गेला तरी हे गेलं नाही. देवकाबाईनेही कधी तोंडातून शब्द काढला नाही. मामाजींना आपण मारलं, असं ती स्वतःच म्हणत होती.

इकडे एका सकाळी सरलाला मोतीरामच्या अंगाचा घामट, ओल्या मातीचा वास आला. ती ताडकन उठून बसली. मग डब्यातला ओवा हुंगला, लवंग हुंगली, कढीपत्ता चुरगाळून हुंगला. सगळं आलं होतं. आनंदाने तिला रडू फुटलं, आणि रडता रडता आपल्याला कशाचा आनंद झाला आहे हे ध्यानात आल्यावर तिला स्वतःची किळस आली. देवाघरी गेलेला माणूस, गोठ्यातली खाट, आणि ही बाई स्वयंपाकघरात उभी राहून लवंग हुंगते आहे. तिने मोतीरामला त्या दिवशी सगळं सांगितलं.

"कोणाचा कोणाले लागला, हे कोणी सांगू शकते काय?" तो म्हणाला. "ताप तं आधी मलेच होता, गावभर होता. तुह्याकडूनच गेला असं थोडंच आहे?"

हे वाक्य तिचं स्वतःशी इतक्या वेळा म्हणून झालं होतं की दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना ते पातळ वाटलं. कदाचित तिच्याकडून गेला नसेलही. पण ती रोज मान डोलवत होती, हे तर कदाचित नव्हतं.

गोडाऊन पुन्हा उघडलं त्या सकाळी ती गेटवर गेली. खुर्चीवर बसली नाही. बाटल्यांची पिशवी तिने खुर्चीवर ठेवली आणि सगळ्यांसमोर भैय्याजींना म्हणाली, "भैय्याजी, मले सांगायचं आहे. देवकाबाईच्या आधी माहं नाक गेलं होतं. मी लपवलं. बाटल्या धरत होती तेव्हा मलेच वास येत नव्हता. सडका माल बी मीच सोडला. देवकाबाईची काही चूक नाही."

भैय्याजी हसले. ते मनाने वाईट नव्हते, पण आपल्याला माणसं कळतात असा त्यांचा समज होता.

"आण बरं त्या बाटल्या," ते म्हणाले. "डोळे मीट."

त्यांनी स्वतः एकेक बाटली तिच्या नाकाखाली धरली. तिने खोटं बोलायला हवं होतं का? तो विचार तिच्या मनात येऊन गेला. रिकामी आहे, रिकामी आहे, असं म्हणत राहिलं असतं तर लोकांनी विश्वास ठेवला असता. पण आता आणखी एकदा बाटलीसमोर खोटं बोलायची तिची ताकद नव्हती. "लवंग," ती म्हणाली. "हिंग. मोगरा. ही रिकामी. ही कॉफी."

"एक बी चुकली नाही," भैय्याजी बायांकडे वळून म्हणाले. "नाक तं तसंच शाबूत आहे. हिले देवकाबाईचा पुळका आला, अजून काय."

"आता आला वास," सरला म्हणाली. "तेव्हा नव्हता येत."

"हाव, हाव. बस आता."

बायांच्या चेहऱ्यावर तिच्याबद्दल कौतुक दिसत होतं. एकीने तिच्या पाठीवर हात ठेवला. दुसरी म्हणाली, मैत्रीण असावी तर अशी. त्या दिवशी दुपारी त्यांनी गोल केला तेव्हा सरकून सरकून तिच्यासाठी चांगली ऐसपैस जागा केली. इतक्या वर्षांनी झालेल्या त्या जागेवर बसून एक घास गिळणं तिला जमलं नाही. ती डबा मिटून उठली आणि जामवरच्या पुलाने सावरगावकडे चालायला लागली.

देवकाबाई गोठ्याच्या सावलीत खाटेवर बसून तूर निवडत होती. बरीच वाळली होती. सरलाला पाहून तिने आधी खाटेची कड झटकली.

"बस. घाबरू नको, मी आता बरी आहे," ती म्हणाली. "तू सकाळी गेटवर काय करून आली व? फोन आला होता मले. माह्यासाठी एवढं खोटं बोलायची काय गरज होती?"

"खोटं नाही, देवकाबाई."

"राहू दे. मले समजते सगळं."

"नाही समजत तुले. मले खरंच वास येत नव्हता. तुह्या कितीतरी आधीपासून."

देवकाबाईने सूप बाजूला ठेवलं. ती हसली, पण डोळ्यांत पाणी होतं. "हे पाह्य सरले, जग माह्याबद्दल काहीही बोलो. पण तू कशी आहेस ते मले कोणी सांगायची गरज नाही. सडलेली भाजी माणूस कोणासाठी गिळते? माह्या घरात मामाजी वारल्यापासून माह्याशी कोणी धड बोललं नाही. इथं बसल्या बसल्या तीच एक गोष्ट आठवते मले. त्याच्यावरच दिवस काढून राहिली मी."

सरला उभीच होती. इथून परत फिरता आलं असतं. देवकाबाईपाशी जगात एवढीच एक ऊब उरली होती आणि ती सुद्धा काढून घ्यायची, तर त्याला खरं बोलणं म्हणायचं की आणखी एक अपराध, हे तिला कळेना. पण गोठ्यातली ही खाट तिच्या जागी देवकाबाईला मिळाली होती. गप्प राहून चांगलं ठरण्याची चव तिने एकदा घेतली होती.

"मले समजलंच नाही," ती म्हणाली.

"काय समजलं नाही?"

"भाजी आंबली म्हणून. मले वास नव्हता, चव बी नव्हती. कुत्र्यानं तोंड फिरवलं तेव्हा मले समजलं. तुह्यासाठी नाही गिळली मी. मले माहीतच नव्हतं."

देवकाबाई तिच्याकडे पाहत राहिली. गोठ्यातली म्हैस शेपटी हलवत होती. सरलाला वाटलं, ती ओरडेल, सूप फेकून मारेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. देवकाबाईच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती मागचे दिवस एकेक करून उलटून बघत होती, आणि प्रत्येक दिवशी तिला काय सापडत होतं ते सरलाला दिसत होतं: मोडलेली वडी, एकच डबा, गेटवरचं दूर सरक.

"त्याच्यानंतर मी तुले माह्या हातानं चारत होती," देवकाबाई शेवटी म्हणाली.

"हाव."

"आन् तू खात होती."

"हाव."

देवकाबाई उठली. पदर नीट केला. "चाल," ती म्हणाली. "मामीजी ओसरीवर आहेत. हेच त्यांच्यासमोर सांग."

लीलाबाई ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. सरलाने पायऱ्यांखाली उभं राहून सगळं सांगितलं. या वेळी तिने काही सोडलं नाही. बाटल्या, दोरे, मान डोलावणं, भाजी. म्हातारी कठीण होती. ऐकत असताना तिने एकदाही मान हलवली नाही.

"गोडाऊनच्या बाया म्हणतात का तू हिले वाचवाले बोलून राहिली," ती म्हणाली. "आलूवांग्याची भाजी म्हणते? आपल्या परसातली वांगी होती ते?"

सरलाला ते कुठून माहीत असणार? तिने देवकाबाईकडे पाहिलं. देवकाबाई जमिनीकडे बघत म्हणाली, "हाव मामीजी. तेच."

लीलाबाईने डोळे मिटले. "यांनी सकाळी तेच भाजी पानातून काढून टाकली होती," ती हळूच म्हणाली. "म्हणे, उंबरठ्यावरून वास येऊन राहिला. मी डब्यात भरून देली तरी. मले वाटलं, फेकायची कशाले. नाक असलेलं माणूस ते खाऊच शकत नाही." मग डोळे उघडून तिने सरलाकडे असं पाहिलं की सरलाने हात जोडले, आणि जोडल्यावर ते फारच थोडे वाटून खाली सोडले.

"देवका," म्हातारी म्हणाली. "आत जा. चहा ठेव. जेवणाचं बी बघ."

देवकाबाई सरलाच्या अगदी जवळून पायऱ्या चढली. तिच्या पदराचा काठ सरलाच्या हाताला लागला. ती थांबली नाही, वळून पाहिलं नाही. आत गेली. थोड्या वेळाने चूल पेटल्याचा आवाज आला, भांड्यांचा आवाज आला, फोडणी चरचरली. लीलाबाईने भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. सरलाला कोणी बस म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. ती अंगणात उभी होती.

पोह्यांचा, हळदीचा, गोठ्यातल्या शेणाचा, सगळा वास तिला येत होता. आणि मग त्यात दुसरा वास आला. आधी बारीक, मग ठळक. आत काहीतरी खाली लागत होतं. देवकाबाई चुलीपाशीच होती. तिच्या बांगड्या वाजत होत्या. बरी झाली तरी तिला अजून वास येत नव्हता.

सरलाने थोडा वेळ वाट पाहिली. म्हातारीला कळतं का ते पाहिलं. म्हातारी तोंड फिरवून रडत होती, तिचं नाक भरलेलं होतं.

"देवकाबाई," तिने अंगणातून हाक मारली. "खाली लागून राहिलं."

आतून फक्त कढई चुलीवरून उतरवल्याचा आवाज आला.